व्हिमच्या आज्ञा पाठ होतात, पण हाताला बसत नाहीत

महालकरीण (प्रश्न):
नमस्कार. मी नागपुरात एका छोट्या कार्यालयात संकेतस्थळांची देखभाल करते आणि सर्व्हरवरील फाइली टर्मिनलमधूनच दुरुस्त कराव्या लागत असल्यामुळे दोन महिन्यांपासून व्हिम हा कळांच्या आज्ञांवर चालणारा मजकूर-संपादक शिकत आहे. साठेक आज्ञांचा तक्ता छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवला आहे. वाचताना सारे समजते. परंतु फाइल उघडली की मी इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे थेट मजकूर लिहायच्या स्थितीत, शिरते आणि बाणांच्या कळांनीच काम उरकते. दुसरी अडचण अशी की आमच्या फाइलींत मराठी मजकूर असतो व मी इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीने टाइप करते. मजकूर लिहून आज्ञांकडे परतण्यासाठी एस्केप दाबल्यावर पुढची कोणतीच आज्ञा चालत नाही. परवा याच गोंधळात मी टर्मिनलची विंडोच बंद केली, तर नंतर फाइल उघडताना स्वॅप फाइल सापडल्याची लांबलचक सूचना आली. आज्ञा नेमक्या कोणत्या क्रमाने शिकाव्यात?

धरमपेठी:
ताई, तो तक्ता आधी काढून टाका. व्हिमच्या आज्ञा म्हणजे सुटे शब्द नसून त्यांना व्याकरण आहे. ‘डी’ म्हणजे काढणे, ‘सी’ म्हणजे काढून तेथेच नवे लिहिणे आणि ‘वाय’ म्हणजे प्रत घेणे, ही झाली क्रियापदे. त्यांच्यापुढे कशावर क्रिया करायची ते सांगायचे: ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दाच्या सुरुवातीपर्यंत, $ म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, आणि ‘आय’ व ‘डब्ल्यू’ मिळून कर्सरखालचा पूर्ण शब्द, मग कर्सर त्या शब्दात कुठेही असो.

समजा, फाइलीत ८०८० हा पोर्ट क्रमांक अकरा ठिकाणी बदलायचा आहे. त्यावर कर्सर नेऊन * दाबा, म्हणजे तोच आकडा पुढे जेथे असेल तेथे कर्सर जाईल. आता ‘सी’, ‘आय’, ‘डब्ल्यू’ दाबून नवा क्रमांक लिहा आणि एस्केप करा. त्यानंतर ‘एन’ने पुढचे ठिकाण गाठायचे व टिंबाची कळ दाबून तोच बदल पुन्हा करायचा, एवढेच उरते. बदलायचा नसेल तेथे नुसते ‘एन’ दाबून पुढे जाता येते. हे टिंब ज्याला कळले त्याला व्हिम कळला, असे माझे मत आहे.

मराठी माणसाला हा क्रम उलटा वाटतो, कारण आपण ‘शब्द काढ’ म्हणतो आणि व्हिमला ‘काढ शब्द’ सांगावे लागते. सुरुवातीला फारच अडखळत असाल, तर ‘व्ही’ दाबून व्हिज्युअल मोडमध्ये आधी मजकूर निवडा आणि मग ‘डी’ दाबा. तेथे क्रम आपल्यासारखाच आहे. व्हिमसोबत येणारा व्हिमट्यूटर हा सरावाचा पाठ सुमारे ३० मिनिटांत पूर्ण होतो, तो आठवडाभर रोज एकदा करावा.

वर्धा_रोड:
एस्केपनंतर आज्ञा चालत नाहीत, याचे कारण कीबोर्ड अजून मराठीतच असतो. व्हिममध्ये कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये प, र, क, त आहेत आणि फाइल जपण्याच्या व बाहेर पडण्याच्या आज्ञा ज्याने सुरू होतात त्या कोलनच्या जागी छ उमटतो, त्यामुळे तुम्हाला बाहेरही पडता आले नसणार. इन्सर्ट मोड सोडताच कीबोर्ड आपोआप बदलण्याची सोय व्हिममध्ये लिहिता येते. मात्र तुमचा व्हिम सर्व्हरवर चालतो आणि कीबोर्ड तुमच्या संगणकावर, म्हणून ती येथे उपयोगी नाही. आधी कीबोर्ड इंग्रजी करायचा आणि मगच एस्केप दाबायचे, ही सवय लावून घ्या.

स्वॅप फाइलीला घाबरू नका; ती व्हिमने तात्पुरती ठेवलेली तुमच्या बदलांची नोंद असते. ती सूचना आल्यावर ‘आर’ दाबले की न जपलेला मजकूर परत मिळतो. तो तपासून फाइल जपावी आणि मग जुनी स्वॅप फाइल काढून टाकावी, नाहीतर सूचना दरवेळी येत राहील. तीच फाइल दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडी असेल, तर मात्र ‘क्यू’ दाबून मागे फिरावे.

जुना_युनिक्सवाला:
बाणांच्या कळा वापरल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनल-यंत्रावर, आणि त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. एस्केपची कळही आजच्या टॅबच्या जागी, करंगळीजवळ होती. आता ती लांब वाटत असेल, तर कंट्रोलसह डावा चौकोनी कंस दाबला तरी तेच काम होते. आणखी एक: सवयीने कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा गोठल्यासारखा वाटला, तर विंडो बंद न करता कंट्रोल-क्यू दाबून पाहावे.

महालकरीण:
सर्वांचे मनापासून आभार. कोलनऐवजी छ, हेच घडत होते. टिंबाचा प्रयोग आज दुपारी केला आणि जमला. एक शंका राहिली: मराठी शब्दात ‘एक्स’ दाबले की ‘कि’मधील वेलांटीसोबत क देखील जातो; केवळ वेलांटी काढता येईल का?

वर्धा_रोड:
येईल. व्हिम मात्रेला अक्षराचाच भाग मानतो. ‘डेलकंबाइन’ हा पर्याय सुरू केला की ‘एक्स’ आणि बॅकस्पेस या दोन्ही कळा मात्रा स्वतंत्रपणे काढतात.