मदत हवी आहे: उपकरण तयार आहे, उत्पादक कुठे शोधायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात हात थरथरणाऱ्यांसाठी एक चमचा तयार झालाय. कंपवात असलेल्या एका आजींनी त्याने आमटीभात अंगावर न सांडता खाल्ला, वाटीसुद्धा निपटून घेतली. आता शोधनिबंध छापून हे काम कपाटात जाऊ द्यायचं नाही.

आयआयटी दिल्लीची अंधांसाठीची स्मार्टकेन काठी २०१४ मध्ये बाजारात आली, कारण चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने उत्पादन हाती घेतलं. चाचण्याही वापरणाऱ्यांसोबतच झाल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

असा उत्पादक कसा गाठायचा? प्लास्टिकच्या साच्याचा खर्चच आवाक्याबाहेर जातोय. भोसरी-चाकणकडे थोडे नग काढून देणारं कुणी आहे का? आधी पेटंट की आधी उत्पादक? स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.