जग्वार विमाने आता निवृत्त करावीत का?

उद्यमनगरातील एक कारखानदार:
९ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील चुरू जिल्ह्यात हवाई दलाचे जग्वार कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये अंबाल्याजवळ आणि एप्रिलमध्ये जामनगरजवळ आणखी दोन जग्वार पडली होती. जामनगरला एका तरुण वैमानिकाने प्राण गमावले. जमिनीलगत उडत जाऊन शत्रूच्या तळांवर मारा करणारे हे विमान आपल्याकडे १९७९ मध्ये आले. फ्रान्सने ते २००५ मध्ये, ब्रिटनने २००७ मध्ये आणि ओमानने २०१४ मध्ये सोडले. आज ते उडवणारे आपण एकटेच आहोत आणि सुट्या भागांसाठी इतरांनी बाद केलेले सांगाडे आणतो. बंद यंत्र मोडून दुसरे चालवणे आम्हा लेथवाल्यांना नवे नाही, परंतु आमच्या कामगाराचा जीव त्या भागावर टांगलेला नसतो. पैसा अपुरा आहे म्हणूनच तो जुन्यावर घालू नये, देशी बनावटीचे तेजस हे लढाऊ विमान आणि ‘प्रचंड’ नावाचे लढाऊ हेलिकॉप्टर यांच्याकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडहिंग्लजचे एक निवृत्त सुभेदार:
आपली तळमळ मी समजू शकतो, पण मत मला मान्य नाही. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत; २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या आणि त्यांत सहा जग्वारच्या आहेत. त्या आज काढल्या तर उरतात तेवीस. तेजस मार्क-१ए ची ८३ विमाने आपण फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवली, परंतु अमेरिकेहून इंजिने वेळेवर न आल्याने ती रखडली. कागदावरचे विमान खंदकातल्या जवानाच्या कामाचे नसते. मी पायदळात आयुष्य काढले आहे. समोरच्या टेकडीवरून मशीनगन चालू असते, तेव्हा वरून येणारा आवाज आपला आहे, एवढ्याने माणसाला किती बळ येते, हे अर्थसंकल्पाच्या तक्त्यात मांडता येत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये हाच वाद झाला. पायदळाला आधार देणारे ए-१० विमान काढून पाच वर्षांत सुमारे ४ अब्ज डॉलर वाचवावेत, असा तिथल्या हवाई दलाचा प्रस्ताव होता; सिनेटर जॉन मॅकेन यांच्यासारख्यांनी विरोध केला, संसदेने तो अडवला आणि ते विमान त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ उडत राहिले.

उद्यमनगरातील कारखानदार:
सुभेदारसाहेब, ए-१० हे चिलखती, संथ आणि पायदळाच्या डोक्यावर घिरट्या घालण्यासाठीच बनवलेले विमान आहे. जग्वारचे मुख्य काम सीमेपलीकडे खोलवर मारा करणे हे आहे. आपण सांगता तो आधार मिग-२७ देत असे, आणि तेही डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला निवृत्त झाले. त्यामुळे ही तुलना पुरती जुळत नाही. आकड्यांचा आपला मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

हवाई दलात इंजिनांवर काम केलेले, सध्या कसबा बावड्यात राहणारे:
चौकशीचे निष्कर्ष हाती नसताना अपघातांचे खापर वयावर फोडणे मला योग्य वाटत नाही. जमिनीलगत वेगाने उडताना काही बिघडले, तर वैमानिकाला सावरायला मोजके क्षणच मिळतात. विमान नवे असले तरी हा धोका संपत नाही. जग्वारचे खरे दुखणे त्याचे अदूर इंजिन आहे. भर उन्हाळ्यात, पूर्ण भार घेऊन निघताना त्याची ताकद अपुरी पडते. अधिक ताकदीचे इंजिन बसवण्याचा बेत वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आणि अखेर २०१९ मध्ये खर्चापायी सोडून दिला गेला. त्याच काळात याच विमानांवर डॅरिन-३ ही दिशादर्शन व मारा करण्याची नवी यंत्रणा बसवण्याचे काम मात्र चालू होते. डोळे नवे आणि काळीज जुने, अशी ही अवस्था आपणच करून ठेवली, याचे मला आजही वाईट वाटते.

उद्यमनगरातील कारखानदार:
मग आता नवे इंजिन घालावे, असे आपले म्हणणे आहे का?

कसबा बावड्यातील तंत्रज्ञ:
नाही, ती वेळ गेली. चाचण्या होऊन इंजिने बसेपर्यंत सांगाड्याचे आयुष्यच संपत येईल. आता नवा मोठा खर्च करू नये, पण देखभालीच्या पैशाला कात्रीही लावू नये. निवृत्ती ठरलेल्या विमानाच्या सुट्या भागांत काटकसर केली, तर ती थेट वैमानिकाच्या अंगावर येते. डॅरिन-३ न बसलेली विमाने आधी उतरवावीत आणि त्यांचे चांगले भाग उरलेल्यांना द्यावेत. जामनगरच्या स्क्वॉड्रनकडे जहाजांवर हार्पून क्षेपणास्त्रे सोडणारी जग्वार आहेत. ते काम दुसऱ्या विमानाकडे प्रत्यक्ष सोपवेपर्यंत तिला हात लावू नये.

गडहिंग्लजचे सुभेदार:
हा क्रम मला मान्य आहे, मात्र एका अटीवर: एक स्क्वॉड्रन उतरवण्याआधी तिच्या जागी येणारी विमाने त्या तळावर उभी असली पाहिजेत. करारावर सही झाली, एवढे पुरेसे नाही.

उद्यमनगरातील कारखानदार:
अट रास्त आहे, पण तिला तारीख हवी. तारखेशिवाय कारखान्यातली साधी जोडणीसुद्धा पुरी होत नाही, आणि तोवर ती जुनी विमाने घेऊन उडणारी मुले आपलीच असतात.