मदत हवी आहे : ‘ले मिझेराब्ल’ नुसते ऐकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. लंडनला जाऊन प्रयोग पाहणे आवाक्याबाहेरचे असल्यामुळे ‘ले मिझेराब्ल’ हे म्युझिकल मी गेले दोन महिने केवळ ध्वनिमुद्रणावरून ऐकत आहे. १९८५ च्या मूळ लंडन नटसंचाच्या ध्वनिमुद्रणातील गाणी आता ओळखीची झाली आहेत. परंतु या नाटकात गद्य संवाद जवळजवळ नसल्याने, ध्वनिमुद्रणात जे गाळले आहे त्याबरोबर कथानकाचाच तुकडा हरवतो. सर्वांत जास्त अडते ते पहिल्या अंकाच्या शेवटी, जिथे व्हालजाँ, जावेर, मारियुस, कोझेत, एपोनीन ही पात्रे आणि विद्यार्थी आपापल्या ओळी एकमेकांवर चढवत एकाच वेळी गातात. बहुधा एका वेळी एकच गायक आणि त्याला ‘वन्स मोअर’, अशा नाट्यसंगीतावर पोसलेल्या माझ्या कानाला तिथे एपोनीनचा आवाज हेडफोन लावूनही वेगळा काढता येत नाही.

१९८८ चे संपूर्ण सिंफनिक (मोठ्या वाद्यवृंदासह केलेले) ध्वनिमुद्रण जोडप्रसंगांसह सुमारे तीन तासांचे आहे. आता थेट तेच ऐकावे का, आणि संहिता आधी वाचून काढावी की ऐकताना समोर ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ज्यावर हे नाटक बेतले आहे ती व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी आधी वाचण्याचा सल्ला मात्र नको. ती दोन वर्षे उशाशीच पडून आहे.