रत्नागिरीत दोन मुक्काम : गणपतीपुळ्याखेरीज काय पाहावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

डिसेंबरमध्ये आई-वडील आणि दोन लहान मुलांना घेऊन स्वतःच्या गाडीने रत्नागिरीला जाण्याचा विचार आहे. शुक्रवारी सकाळी निघून रविवारी परतायचे आहे. आमच्याकडे कोकण म्हटले की सगळे थेट गणपतीपुळे गाठतात आणि शहर बाहेरूनच सुटते. शहरातच मुक्काम केल्यास पाहण्यासारखे पुरेसे आहे का? वडिलांना गुडघेदुखीमुळे फार पायऱ्या चढवत नाहीत.

उत्तर १ (मिरज, माहेर रत्नागिरी)

पुरेसे आहे, आणि मुक्काम शहरातच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळी लवकर दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. तेथील प्रदक्षिणा मात्र संपूर्ण डोंगराला घालावी लागते, तेव्हा वडिलांना मंदिरातच बसू द्यावे. मुलांना त्या समुद्रात उतरू देऊ नये; तेथे बुडण्याच्या दुर्घटना वारंवार झालेल्या आहेत.

शहरात सर्वाधिक वेळ थिबा राजवाड्याला द्यावा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये त्याचे येथेच निधन झाले. म्हणजे नजरकैदेतील आयुष्याचा मोठा भाग त्याने या वाड्याबाहेरच काढला. आत संग्रहालय आहे, पण मला विचाराल तर वाडाच अधिक पाहण्याजोगा आहे : उतरती छपरे आणि रंगीत काचांच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. जवळच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि राजिवडा एका नजरेत दिसतात, आणि तेथे चढावे लागत नाही. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात; आपल्याला ती अडचण येणार नाही.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर थोड्या वेळात पाहून होतात. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी 1931 मध्ये हे मंदिर सर्व जातींसाठी बांधले.

उत्तर २ (सातारा)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त रत्नदुर्ग राहून गेला. गाडी बरीच वर जाते, मात्र भगवती मंदिरासाठी थोड्या पायऱ्या आहेत. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र असल्याने सूर्यास्त तेथूनच पाहावा.

रस्त्याबद्दल : आम्ही साताऱ्याहून कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूणमार्गे जातो; आपल्याला कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा हाच मार्ग सोयीचा पडेल. अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर आहे. घाट उजेडातच उतरावा आणि मुलांना त्याआधी पोटभर खायला घालू नये.

प्रश्नकर्ते

मनःपूर्वक आभार. मुलांना वाळूत खेळायला मांडवी बरी की भाट्ये?

उत्तर १ (मिरज, माहेर रत्नागिरी)

भाट्ये. मांडवीची वाळू काळी आहे (या किनाऱ्यावरील वाळूत इल्मेनाइट हे खनिज आढळते), आणि तेथे जेटीवर फेरफटका मारून भेळ खाण्यातच खरी मजा आहे. पांढऱ्या समुद्राकडे, मिऱ्याच्या बाजूला, किनाऱ्याची धूप होऊन दगडी बंधारा घालावा लागला आहे. भाट्याचा किनारा लांब, सपाट असून मागे सुरूचे बन आहे आणि टोकाला झरीविनायकाचे मंदिर आहे.

मात्र जाण्यापूर्वी पंचांग पाहून तिथी बघावी. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्या दिवशी संध्याकाळी मुलांना खेळायला वाळूच उरत नाही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते.

प्रश्नकर्ते

आम्ही जाणार त्या शनिवारी एकादशी आहे. म्हणजे भरती सव्वाआठला आणि ओहोटी दोन-अडीचच्या सुमारास. तेव्हा पुळ्याचे दर्शन सकाळी, जेवणानंतर भाट्ये आणि सूर्यास्ताला रत्नदुर्ग, असे ठरवले आहे. थिबा राजवाडा रविवारी सकाळी उघडताच पाहून तसेच आंबा घाटाकडे निघू.