वरच्या मजल्यावर आधी पाण्याचा दाब बघा
नाशिकला वरच्या मजल्यावरच्या घरासाठी कोणतं वॉशिंग मशीन घ्यावं, या चर्चेत कुणी म्हटलंय की वॉशर-ड्रायर (धुणारं आणि सुकवणारं एकच मशीन) घेतलं की जागा वाचते. ते खरं, पण ८ किलो धुणारं मशीन एका वेळी साधारण ५ किलोच सुकवतं. उरलेले ओले कपडे आधी बाहेर काढावे लागतात. नाशिकला पावसाळा सोडला तर दोरीवर छान वाळतं. वेगळा ड्रायर घ्यायचाच तर हीट पंपवाला (हवेतली उष्णता पुन्हा वापरणारा) घ्या. महाग पडतो, पण साध्या, हीटरवर चालणाऱ्या कंडेन्सर ड्रायरच्या जवळपास निम्म्या विजेत भागतं.

गच्चीवरची टाकी नळापासून किती उंच, हे मात्र कुणीच विचारलेलं नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकी जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार, आणि मशीनमध्ये पाणी शिरतं तिथल्या जाळीत गाळ अडकला असेल तर धार अजून बारीक. ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही की फ्रंट लोड (समोरून कपडे घालायचं) मशीन एरर दाखवून थांबतं. मेकॅनिक मग उगाच इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप) बदलायला सांगतो. किमान दाब मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, पैसे देण्याआधी तो वाचाच. कमी पडत असेल तर प्रेशर पंपाचा खर्च बजेटमध्ये धरा, नाहीतर सरळ टॉप लोड घ्या. त्यातली बरीच मॉडेल कमी दाबावरही चालतात.