गावात राहून वर्णनात्मक राज्यसेवेची तयारी : उत्तरे तपासणार कोण?

पांदणवाट (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातील एका गावात राहते. वय २६ आहे. भूगोल आणि मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कापूस आणि तूर घेतो. लोकसेवा आयोगाची गट-क ची पूर्व परीक्षा दोनदा दिली आणि दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात राहिले, त्यामुळे वस्तुनिष्ठ प्रश्नांची आता फारशी धास्ती वाटत नाही. मात्र राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे आणि बी.ए.च्या शेवटच्या पेपरनंतर मी सलग दोन पानेसुद्धा हाताने लिहिलेली नाहीत.

वाचन घरी होते. पुस्तके आहेत, मोबाइलवर व्याख्याने मिळतात, पहाटेचे तीन तास कोणी मागत नाही. अडचण आहे ती लिहिलेले उत्तर दाखवायचे कोणाला, याची. आमच्या गावात ही परीक्षा देणारी मी एकटीच आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत जी मुले आहेत, ती पोलीस भरती किंवा सरळसेवा भरतीची तयारी करतात. पुण्यात राहणारी मैत्रीण म्हणते की कॉट, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला दहा-बारा हजार लागतात, क्लासची फी वेगळी. बाबा म्हणतात, कापसाचे पैसे तुझ्यासाठी बाजूला ठेवू. पण त्याच पैशांतून जूनमध्ये बी-खत यायचे असते, हे मला कळते.

तेव्हा विचारायचे एवढेच की उत्तरलेखनाचा सराव गावात राहून होऊ शकतो का, आणि होत असेल तर उत्तरे कोणाकडून तपासून घ्यावीत? वैकल्पिक विषय भूगोल घ्यावा की मराठी साहित्य, यावरही मत मिळाले तर बरे होईल.

धुऱ्यावरचा

ताई, मी महसूल विभागात लहान पदावर नोकरी करतो आणि नोकरी सांभाळून हीच परीक्षा देतो आहे. पुणे की गाव हे ठरवण्याआधी एक हिशेब कागदावर मांडून पाहावा, असे सुचवतो. सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, निबंधाचा पेपर २५० गुणांचा आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुणांचे, असे मुख्य परीक्षेचे १७५० गुण होतात. मुलाखतीचे २७५ मिळवले की २०२५. यातला प्रत्येक २५० गुणांचा पेपर तीन तासांत लिहायचा असतो. १८० मिनिटांना २५० ने भागले तर दहा गुणांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटे येतात, आणि प्रश्न वाचणे, मुद्दे आठवणे, पान उलटणे हे सगळे त्याच सात मिनिटांत बसवावे लागते.

माझा पहिला प्रयत्न सांगतो. रविवारी दुपारी मोबाइलचे घड्याळ लावून ग्रामसभेवर दीडशे शब्दांचे उत्तर लिहायला बसलो, ते संपायला सतरा मिनिटे लागली. अर्ध्या पानानंतर अंगठ्याखालचा स्नायू दुखू लागला आणि शेवटच्या चार ओळी मलाच वाचता येईनात. इतकी वर्षे फक्त गोल काळे करणाऱ्या हाताकडून याहून वेगळे काय होणार? पहिले दोन महिने तपासणारा नसला तरी चालेल, पण घड्याळ पाहिजे. रोज एक उत्तर, एका बैठकीत, आखीव कागदावर लिहा. माझे पाचव्या आठवड्यात नऊ मिनिटांवर आले.

तपासून घेण्याचे माझ्यापुरते उत्तर असे की मी आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींना विनंती केली. त्यांना राज्यसेवेचा अभ्यासक्रम ठाऊक नाही आणि तेच माझ्या पथ्यावर पडले. ग्रामसभेचे ते उत्तर त्यांनी दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ग्रामसभा म्हणजे काय ते तू सांगितलेस. पण ती भरत का नाही, असे विचारले आहे ना?" प्रश्नात ‘परिणामकारक का ठरत नाही’ असे शब्द होते आणि मी ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, अकराव्या अनुसूचीतील २९ विषय असे सगळे ओतून ठेवले होते. माहितीत चूक नव्हती, पण प्रश्नाला उत्तरच नव्हते. ही चूक पकडायला तज्ज्ञ लागत नाही, नीट वाचणारा माणूस लागतो. मुद्दे कमी पडले का, आकडा चुकला का, हे तुम्ही पुस्तक उघडून स्वतः पाहू शकता.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मराठी आणि इंग्रजी हे ३०० गुणांचे दोन पेपर केवळ पात्रतेचे आहेत, प्रत्येकी २५ टक्के म्हणजे ७५ गुण लागतात आणि ते गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. त्यामुळे आपल्याकडची मुले इंग्रजीला हातच लावत नाहीत. तिथे अडकलात तर बाकीच्या सात पेपरांचा काही उपयोग नाही. आठवड्यातून एक उतारा वाचून त्याचा सारांश इंग्रजीत लिहीत जा. पूर्व परीक्षेतील सीसॅटचेही (आकलन आणि बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर) तसेच आहे. २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण, प्रश्न अडीच गुणांचा, म्हणजे एकही उत्तर न चुकता २७ प्रश्न बरोबर यायला हवेत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून अधिक.

सध्या सदाशिव पेठ

मी वाशीम जिल्ह्यातला आहे आणि चार वर्षांपासून पुण्यात राहतो. वरच्या दादांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण पुण्याला अगदीच मोडीत काढू नये असे वाटते. इथे सकाळी सातला अभ्यासिकेत गेले की शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा आधीच वही उघडून बसलेला असतो, आणि त्या एका दृश्याने जो दिवस चालतो तो गावात स्वतःला ढकलून चालवावा लागतो. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. गावात राहणाऱ्या मुलीचा अभ्यास हा घरातल्या लोकांना काम वाटत नाही, पाहुणे आले की पहिली हाक तिलाच जाते. हे तुम्ही लिहिले नाही, पण असेल.

आता उत्तरतपासणीबद्दल. मी एका क्लासमध्ये वर्षभराच्या तपासणीचे पैसे एकरकमी भरले होते. पहिल्या चार उत्तरपत्रिका परत आल्या, तेव्हा प्रत्येकीवर लाल शाईने एकच वाक्य होते, "चांगला प्रयत्न, आणखी उदाहरणे द्या." माझ्या खोलीतल्या मित्राच्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या, त्यांच्यावरही तेच वाक्य, त्याच वळणात. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर आम्ही तिघांनी रविवारी एकमेकांची उत्तरे तपासायला सुरुवात केली आणि माझी खरी सुधारणा तिथे झाली.

म्हणून माझे मत असे की आत्ताच पुण्यात येऊ नका. पूर्व परीक्षा होईपर्यंत गावातच राहा. निकालात नाव आले तर पूर्व आणि मुख्य परीक्षेच्या मधले काही महिनेच इथे किंवा नागपूर-अमरावतीला जा. चार वर्षांचा खर्च आणि चार महिन्यांचा खर्च यांतला फरक आपल्या घरांना फार मोठा असतो. शिवाय तारखा पुढे जातात, तेव्हा भाडे थांबत नाही. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा शेवटी १ डिसेंबरला झाली आणि मधले सगळे महिने मेसचे पैसे भरत बसलो होतो. तुम्ही प्रवर्गात बसत असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महाज्योतीचे मुख्य कार्यालय तर नागपुरातच आहे.

मामा तलाव

मी भंडारा जिल्ह्यातून लिहितो, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वैकल्पिक विषयाबद्दल आधी सांगतो. भूगोल घ्या. मराठी साहित्य सोपे वाटते, पण त्यात नेमलेल्या कलाकृती बारकाईने वाचाव्या लागतात आणि साहित्यविचार मांडावा लागतो. त्या तयारीचा सामान्य अध्ययनाला उपयोग थोडाच. भूगोलाचा होतो, आणि आकृती काढून दहा ओळी वाचवता येतात. मी स्वतः भूगोलाचा असल्यामुळे माझे मत थोडे झुकलेले असेल, हे धरून चाला.

पण मला खरे बोलायचे आहे ते उदाहरणांबद्दल. आपल्याकडची मुले उत्तरात केरळ आणि राजस्थान लिहितात, कारण पुस्तकात तेच असते. पाणी व्यवस्थापनावर प्रश्न आला की सगळ्यांच्या उत्तरात राजस्थानातले जोहड, म्हणजे पावसाचे पाणी अडवणारी मातीची तळी. माझ्या घरामागे जो तलाव आहे तो माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब होते आणि त्यांची देखभाल मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार, गावकऱ्यांकडून करून घेत. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता; तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायची जबाबदारी नेमकी कोणाची, हे गावाला उमगेनासे झाले. मालकी बदलली की देखभाल कशी बदलते, हा मुद्दा जमीन सुधारणा, सिंचन आणि स्थानिक स्वराज्य या तिन्ही विषयांच्या प्रश्नांत चालतो.

ग्रामसभेचेही तसेच. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायदा २००६ खाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पाठ असलेली मुले पुष्कळ भेटतात; पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते, हे लिहिणारा क्वचित. धुऱ्यावरचे म्हणतात त्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ग्रामसभेच्या हातात काही साधन आले की लोक येतात, नुसते ठराव वाचून सह्या घ्यायच्या असल्या की येत नाहीत.

पांदणवाट, तुम्ही स्वतःच्या ग्रामसभेला बसला असालच. तिथे पाहिलेली एखादी गोष्ट एका वाक्यात येऊ द्या, दुसऱ्या वाक्यात नको. परीक्षकाला गावाची हकीकत नको असते. आठवड्याला दोन उत्तरे इथे टाकत असाल तर मी तपासून देईन. परीक्षेच्या हंगामात मात्र उशीर होईल.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्यांचे सदाशिव पेठवाल्या दादांनी बरोबर ओळखले. कालच आत्या आल्या होत्या. पुण्याचे आता पूर्व परीक्षेनंतरच ठरवेन, तसे बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी सरकीच्या भावाची चौकशी करायला गेले. भूगोलच घेते.

गावातल्या अंगणवाडीच्या ताई बी.ए. आहेत, त्या आठवड्यातून एकदा माझी वही वाचायला तयार झाल्या आहेत. आज ग्रामसभेचाच प्रश्न घेऊन पहिले उत्तर लिहिले. वेळ चौदा मिनिटे, शब्द १६३. मामा तलाव सर, खाली टंकून देते आहे.

"भारतात प्राचीन काळापासून ग्रामव्यवस्थेला महत्त्व आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. मात्र आमच्या गावात मागील ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही म्हणून ती तहकूब झाली आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्यामुळे आठ जणांत लाभार्थ्यांची यादी मंजूर झाली…"

मामा तलाव

पहिले वाक्य खोडा, ते कुठल्याही उत्तराला चिकटवता येईल. तिसरे वाक्य उत्तम आहे, पण ‘आमच्या गावात’ ऐवजी ‘अनेक गावांत’ करा आणि ‘आठ जणांत’ ऐवजी ‘मोजक्या लोकांत’. त्यानंतर लगेच कारणांवर या: सभेची वेळ मजुरीच्या वेळेत असणे, विषयपत्रिका आधी न पोहोचणे, महिला सभेचे कागदोपत्री होणे. पुढचा मजकूर पूर्ण टाका आणि शक्यतो वहीच्या पानाचा फोटो द्या. टंकलेल्या उत्तरावरून अक्षर कळत नाही, आणि चौदाव्या मिनिटाचे अक्षर मला पाहायचे आहे.