गायानंतर गच्चीवरून जोडतारे मोजायचे कशाला? मोजायचेच!

गच्चीवरची आठ इंची
कालची पोस्ट डोक्यातून जाईना. 'युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीनं जोडतारे (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या) मोजून टाकलेत, नाशिकच्या उजेडात दुर्बीण लावणं म्हणजे वेळेची नासाडी, आणि जोडीतले कमी वस्तुमानाचे सोबती शोधणं मोठ्या वेधशाळांचं काम.' तिन्ही मुद्दे चूक आहेत.

गायाच्या तिसऱ्या यादीत (२०२२) ३४ महिन्यांचा डेटा आहे. कन्या राशीतल्या पोरिमा या जोडताऱ्याचा फेरा १६९ वर्षांचा, म्हणजे त्या काळात कक्षेचा दोन टक्केही भाग सरला नाही. शिवाय इतके ठळक तारे गायाच्या कॅमेऱ्याला डोईजड जातात. जानेवारी २०२५ मध्ये गायाची निरीक्षणंच थांबली. पुढच्या पन्नास वर्षांची मापं कोण घेणार?

आंजनेरीकर (पोस्ट माझीच)
मापं घ्या, पण कसली? वस्तुमान काढताना कक्षेच्या लंबाक्षाचा, म्हणजे तिच्या सर्वांत लांब व्यासाचा, घन येतो. जोडीतल्या अंतरात पाच टक्के चुकलात की वस्तुमान पंधरा टक्के चुकलं. आठ इंची आरशाच्या दुर्बिणीची डॉजची मर्यादा, म्हणजे जोडी वेगळी दिसण्याचं सर्वांत कमी अंतर, ०.५७ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), ती कागदावर. गच्चीच्या स्लॅबवरून दोन आर्कसेकंदांची जोडीसुद्धा उकळताना दिसते.

गच्चीवरची आठ इंची
एका फ्रेमवर माप घेतलं तर तसंच होणार. पाच-दहा मिलिसेकंदांच्या दोन हजार फ्रेम घ्या, त्यातल्या उत्तम दोन-तीन टक्के ठेवा. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावून प्रत्येक पिक्सेल ०.१५ ते ०.२ आर्कसेकंदांचा करा. मग दुर्बीण फिरवणारी मोटर बंद करून तारा फ्रेमभर वाहू द्या. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५.०४ आर्कसेकंद सरकतो, त्यावरून पिक्सेलचं प्रमाणही मिळतं. दहा वेळा करा, सरासरी काढा. मधे कॅमेरा तसूभरही फिरला तर सगळं पहिल्यापासून.

निफाडकर
तुमचं गणित बरोबर, जागा चूक. स्लॅब दिवसभर तापतो, मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. शेतात या, मातीवर स्टँड रोवा.

पंचवटी
शेतात? जानेवारीत पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तो धूर थंड हवेत खालीच तरंगतो, मंद तारे गिळतो.

निफाडकर
बाग वाचवायला शेकोटी पेटते, हौसेनं नाही! आणि धूर पहाटेचा. दहा ते दोन आकाश तुमचंच असतं की. तुमच्या गच्चीवर शेजारचा पंप सुरू झाला की तारा नाचतो, त्याचं काय?

पंचवटी
पंप पाच मिनिटांत बंद होतो. खरा दोष आरशाचा. खोलीतून आणलेला आठ इंची आरसा तास-दीड तास तरी गार होऊ द्यावा लागतो. मागे ८० मिलिमीटरचा पंखा लावा, पण रबरावर लटकवा, नाहीतर तोच थरथरवतो. तारा जरा फोकसबाहेर न्या: चकतीत एका बाजूनं वर चढणारी धार दिसली तर नळीत अजून गरम हवा आहे. लोक हे न बघता 'नाशिकची हवा वाईट' म्हणून मोकळे होतात. याचा खरोखर राग येतो.

गंगापूर धरण
आणि दव? धरणाकाठी दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा) आधी ओला होतो. तारा हळूहळू मंदावतो, आपण ढग समजतो.

आंजनेरीकर
पंखे आणि शेकोट्या झाल्या. कमी वस्तुमानाच्या सोबत्यांचं काय?

पंचवटी
व्याधाचा सोबती घ्या. खगोलज्ञ बेसेलनं १८४४ मध्ये व्याधाच्या डगमगीवरून ओळखला, १८६२ मध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या क्लार्कला दिसला. नाशिकहून व्याध ५३ अंश वर येतो, युरोपपेक्षा कितीतरी सोयीचा. आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) आत फॉइलची बारीक पट्टी लावून व्याध झाकायचा. सोबती पूर्वेला, जरा उत्तरेकडे. तिथे स्पायडरचा (दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांचा) किरण पडत असेल तर नळी फिरवायची.

आंजनेरीकर
हे वाचून चीड येते. व्याध ब, म्हणजे हाच सोबती, श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा) आहे, वस्तुमान जवळजवळ सूर्याइतकं! अंधूक म्हणजे हलका नव्हे. धाग्याचा विषयच चुकवताय.

पंचवटी
बरोबर, उदाहरण चुकलं. मग ४० एरिडानी हा तिहेरी तारा बघा. मुख्य ताऱ्यापासून ८३ आर्कसेकंदांवर साडेनऊ प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा अंधूक) श्वेतबटू, त्याला चिकटून आठेक आर्कसेकंदांवर अकराव्या प्रतीचा लाल ठिपका. तो लाल बटू (छोटा, थंड तारा) सूर्याच्या एक पंचमांश वस्तुमानाचा. नाशिकहून ६२ अंशांवर येतो. कमी वस्तुमानाचा सोबती, आठ इंचीत, डोळ्यानं. नाही म्हणा!

आंजनेरीकर
दिसतो, मान्य. पण हा १७८३ पासूनच्या नोंदीतला. *शोधणं* कुठे झालं?

गच्चीवरची आठ इंची
शोध टेबलावर सुरू होतो, आणि तिथे तुमचा गायाच कामाला येतो. जवळच्या ताऱ्याभोवती एक-दोन अंशांत त्याच लंबनाचे (म्हणजे तितक्याच अंतरावरचे) आणि जवळपास त्याच स्वगतीचे (आकाशात त्याच वेगानं, त्याच दिशेला सरकणारे) तारे गाळून काढा. लंबन जुळलं पण स्वगती नाही, तर सोडा. बंधनातली जोडी नाही ती. गायाच्या यादीतला रूवे (मापं एकट्या ताऱ्याच्या हिशेबात किती बसत नाहीत ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर दिसला तर न सुटलेला सोबती असू शकतो. मात्र शेजारच्या ताऱ्याची प्रतिमा मिसळल्यानंही तो आकडा फुगतो, म्हणून एवढ्यावर 'सापडला' म्हणायचं नाही.

आंजनेरीकर
तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेले गोळे) तरी असे सापडणार नाहीत. ०.०८ सौर वस्तुमानाच्या खालचे बहुतेक गायाला दिसतच नाहीत.

गंगापूर धरण
ते अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) दिसतात. नासाच्या वाइझ अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमा एकामागून एक लावून सरकणारा ठिपका हेरायचा. बॅकयार्ड वर्ल्ड्स या ऑनलाइन प्रकल्पात २०१७ पासून हौशी लोक हेच करताहेत आणि त्यांना तपकिरी बटू सापडलेतही. दुर्बीणसुद्धा लागत नाही.

आंजनेरीकर
ठीक. 'मोठ्या वेधशाळांचं काम' हे शब्द मागे घेतो. स्लॅबबद्दलचं मत कायम. पोरिमाचं माप टाकणार असाल तर एका रात्रीचं नको. निदान तीन रात्रींचं, आणि रात्रीगणिक फरक किती पडला तेही लिहा.

निफाडकर
आणि त्यातली एक रात्र मातीवरची घ्या.